दिवाळीच्या सुट्टीतले पाढे: गुणाकार चित्राच्या आत हवा

एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगी तिसरीत आहे. दहापर्यंतचे पाढे धडाधड म्हणते, पण मधूनच 'सात आठी किती?' विचारलं की सात एके सातपासून सुरुवात करते. चित्रं काढायची भयंकर आवड. दिवाळीच्या सुट्टीत चित्रांमधून गुणाकार पक्का करून घेता येईल का? 'उत्तर काढा आणि रंग भरा' अशी छापील पानं आणून दिली होती, दोन दिवसांत कंटाळली. आणि शाळा उघडेपर्यंत बारापर्यंतचे पाढे व्हायलाच हवेत का?"

ताई, करून घेता येईल. मी चोवीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवते आहे, त्यातली बरीचशी तिसरी-चौथीच्या वर्गावर. सणावाराची चित्रं आणि पाढे यांची सांगड घालण्याचा उद्योग मी बऱ्याच वेळा केला आहे, आणि पहिल्या दोन-तीन वेळा तो सपशेल फसलाही आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मुलीचं नेमकं काय होतंय ते बघू. तिला पाढा येत नाही असं नाही. तिला पाढ्याची चाल येते. सात एके सात, सात दुणे चौदा... ही चाल लागली की पुढचा शब्द आपोआप ओठांवर येतो, आरतीचं कडवं येतं तसा. मधलीच ओळ विचारली की आपणही आरती पहिल्यापासून मनात म्हणतो ना? तेच. पाठांतरावर माझा राग नाही. पाढे पाठ हवेतच, आणि सुट्टीतही रोज एकदा म्हणवून घ्या. फक्त त्या चालीच्या मागे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी उभं करायचं आहे. म्हणजे सात आठी म्हटल्यावर तिला सातांच्या आठ ओळी दिसल्या पाहिजेत.

आता त्या छापील पानांविषयी. मीही ती वर्गात वाटत होते. पणतीचं चित्र, त्याचे पंधरा-वीस तुकडे, प्रत्येक तुकड्यात एक गुणाकार, आणि खाली सूचना: उत्तर ५६ आलं तर पिवळा, ४२ आलं तर तांबडा. एकदा एका मुलीचं पान पाच मिनिटांत रंगवून तयार, सगळं बरोबर. मी खूश. शेजारी बसून विचारलं, "हे ५६ कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "काढलं नाही बाई. ज्योत पिवळीच असणार ना!" म्हणजे तिने चित्र ओळखलं, रंग ओळखला आणि गुणाकाराला हातही लावला नाही. हुशारच म्हणायची. चूक माझी होती. त्या पानात गुणाकार चित्रावर चिकटवलेला असतो. तो काढून टाकला तरी चित्राचं काही बिघडत नाही. ज्याला पाढे येतात त्याची उजळणी होते, ज्याला येत नाहीत तो ज्योतीला पिवळा रंग देऊन मोकळा होतो.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: गुणाकार चुकला तर चित्र फसलं पाहिजे. ओळ वाकडी व्हावी, पणती उरावी, रांगोळी जुळू नये. आता ज्या गोष्टी सांगते त्या या कसोटीला उतरलेल्या आहेत.

पहिली, पणत्यांच्या ओळी. इथे पहिला खड्डा आहे तो आधीच सांगते. चित्रकलेची आवड असलेली मुलगी एका पणतीला पाच मिनिटं घेते. वात, ज्योत, ज्योतीभोवतीचे किरण, पणतीवरची नक्षी. अशा ५६ पणत्या ती काढणार नाही आणि काढूही नयेत. म्हणून पणती पेनाने काढायची नाही, ठशाने उठवायची. अंगठा गेरूत किंवा ओल्या कुंकवात बुडवून कागदावर आडवा टेकवला की पणतीचं बूड झालं, वर करंगळीने हळदीचा ठिपका दिला की ज्योत. एक पणती दोन सेकंदांत. भेंडी आडवी कापून तिचे ठसेही छान उठतात, पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, पाचाच्या पाढ्याला ते आयतं. (आधी भेंडीचे कप्पे मोजून घ्या. बहुतेकींना पाच असतात, पण सहा-सात कप्प्यांचीही निघते, आणि मग पाचाचा पाढा गडगडतो.)

कागदावर आधी पेन्सिलने फिक्या रेघा मारून घ्या, म्हणजे ओळी आणि उभ्या रांगा सरळ राहतील. एका ओळीत सात पणत्या, अशा आठ ओळी. प्रत्येक ओळ झाली की थांबायचं आणि "आता किती झाल्या?" एवढंच विचारायचं. पहिल्या दिवशी ती एकेक मोजेल. मोजू द्या. दुसऱ्या दिवसापासून झालेल्या ओळींवर एक फडकं टाकायचं, फक्त नवी ओळ उघडी ठेवायची. आता मोजता येत नाही, मागच्या आकड्यात सात मिळवावेच लागतात. हे फडकं साधं वाटतं, पण ओळींच्या चित्रात मुलं गुणाकार टाळून मोजत बसतात ती खोड त्यानेच मोडते.

छप्पन्न पणत्या पूर्ण झाल्या की पाचव्या ओळीखाली एक लोकरीचा धागा आडवा ठेवा. वर पाच ओळी: सात पाचा पस्तीस, हे तिला झोपेतही येतं. खाली तीन ओळी: सात त्रिक एकवीस, म्हणजे गणपतीच्या नैवेद्याचे मोदक. पस्तीस आणि एकवीस, छप्पन्न. पुन्हा कधी सात आठी अडली तर सात एके सातपासून चढत यायचं कारण नाही, पाचाच्या पायरीवर उभं राहायचं आणि तीन ओळी उतरायच्या. धागा दुसरीकडे ठेवून बघू दे. चार-चार ओळी केल्या तर अठ्ठावीस नि अठ्ठावीस. कुठला धागा सोपा ते तिचं तिला ठरवू दे. आपण मोठी माणसं आपला धागा पोरांच्या गळी उतरवायला जातो. माझ्या वर्गात एक मुलगा कायम दोन ओळींवरच धागा ठेवायचा. मला ते गैरसोयीचं वाटायचं, त्याला सोयीचं होतं. वर्षअखेर त्याची उत्तरं सगळ्यांत झटपट यायची.

तोच कागद पाव फिरवला की सात ओळी आणि प्रत्येकीत आठ. संख्या तीच. सात आठी आणि आठ साती एकच, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, पण कागद हातात धरून फिरवल्याशिवाय ते पटत नाही. इथे मात्र पणत्यांनी माझी एकदा फजिती केली. मी मोठ्या दिमाखात कागद फिरवला तर अख्खा वर्ग ओरडला, "बाई, पणत्या आडव्या झाल्या! तेल सांडेल!" पुढची दहा मिनिटं तेलातच गेली. त्यामुळे फिरवायच्या कागदासाठी लाडू किंवा रांगोळीचे ठिपके घ्या. गोल वस्तूला वर-खाली नसतं.

आता एक गंमत, जी मी दरवर्षी करतेच. अंगण चौकोनी आहे. चारही कडांना पणत्या लावायच्या, कुठल्याही कडेला उभं राहिलं तरी पाच पणत्या दिसल्या पाहिजेत, कोपऱ्यांत पणत्या हव्यातच. बाजारातून किती आणायच्या? वर्ग एका सुरात: "पाच चोक वीस!" मी काही बोलत नाही. फळ्यावर चौकोन काढते, एकाला वीस खडे देते आणि फरशीवर मांडायला सांगते. सगळे बघत असतात. तो मांडतो, सगळ्या कडांना पाच-पाच होतात आणि हातात चार खडे उरतात. तो खडे मुठीत धरून माझ्याकडे बघतो. पुन्हा मांडतो, पुन्हा चारच उरतात. मग पाठीमागून कोणीतरी म्हणतं, "कोपऱ्यातली दोन्हीकडे मोजली!"

सोळाच लागतात. प्रत्येक कडेच्या पाचांतला एक कोपरा पुढच्या कडेला देऊन टाकला की कडेला चारच उरतात, चार चोक सोळा. तुमच्या मुलीला हे लगेच सांगू नका. चित्र काढू दे, वीस बटणं किंवा शेंगदाणे देऊन मांडू दे, चार उरू देत. पाढा बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं, हे तिला तिसरीत कळलं तर पुढे शाब्दिक उदाहरणांत तिचे बरेच गुण वाचतील. कडेला सहा हव्या असतील तर किती, हे मग तिला विचारा. वीस. आता वीस खडे पुरतात.

हा कोपरा लक्षात ठेवा, रांगोळीत तो पुन्हा भेटणार आहे.

रांगोळी म्हणजे आपल्याकडचा खरा खजिना, आणि मला त्याचा पत्ता लागायला दहा वर्षं लागली. ठिपक्यांच्या रांगोळ्यांच्या पुस्तकात प्रत्येक चित्राखाली 'ठिपके ७ ते ४', '१३ ते ७' असं लिहिलेलं असतं. ७ ते ४ म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या वर सहा, पाच, चार आणि खालीही सहा, पाच, चार. ठिपके एकाखाली एक येत नाहीत, वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली खालचा ठिपका येतो. माझ्या आईकडे यासाठी जाड कागद होता, त्याला उदबत्तीने भोकं पाडलेली. जमिनीवर कागद ठेवायचा, वरून रांगोळी भुरभुरवायची, कागद उचलला की ठिपके तयार. तुम्हीही असा एक कागद करून ठेवा (उदबत्ती तुम्ही धरा). ठिपके वाकडे पडले की षटकोन दिसत नाही आणि मुलं तिथेच हिरमुसतात.

तर ७ ते ४ असे ठिपके काढले. आता मुलीला रांगोळीच्या रेषा लगेच जोडू देऊ नका. मधल्या ओळीतला चौथा ठिपका हा रांगोळीचा बरोबर मध्य, तो कुंकवाने लाल करा. त्याला चिकटून जे ठिपके आहेत ते पिवळे करायला सांगा. किती झाले? सहा. त्यांच्या बाहेरचं कडं हिरवं. किती? बारा. त्याच्याही बाहेरचं, म्हणजे रांगोळीची कडा, निळी. अठरा.

सहा, बारा, अठरा. सहाचा पाढा रांगोळीत गोल गोल बसलेला असतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांदळाच्या पिठात ठिपके टाकत होते, आणि हातातलं काम टाकून पुन्हा मोजले होते.

आता विचारा, आणखी एक कडं वाढवलं तर किती ठिपके लागतील? ती थोडा वेळ घेईल, पण बहुतेक मुलं न काढता चोवीस म्हणतात. १३ ते ७ च्या मोठ्या रांगोळीत मध्यभोवती अशी सहा कडी असतात, शेवटच्या कड्यात सहा सक छत्तीस ठिपके. भाऊबीजेच्या सकाळी दारात ती रांगोळी काढायला घेतलीत तर सहाचा अर्धाअधिक पाढा उंबऱ्यापाशी मांडलेला असेल.

आणि तो कोपरा? निळ्या कड्याची प्रत्येक बाजू बघा, तिच्यावर चार ठिपके आहेत, बाजू सहा. मग चोवीस का नाहीत, अठराच का? ज्या मुलांनी अंगणाच्या पणत्या मांडल्या आहेत ती इथे गालात हसतात. चारांतला एक कोपरा शेजारच्या बाजूला द्यायचा, राहिले तीन, सहा त्रिक अठरा. ही दोन चित्रं वेगवेगळ्या दिवशी करा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चित्राची आठवण करून देऊ नका. तिला स्वतःला आठवलं तर तिला जो आनंद होईल त्याची सर बक्षिसाच्या पेनाला येणार नाही.

चौथी-पाचवीतला दादा किंवा ताई घरात असेल तर त्यांच्यासाठी एक प्रश्न: ७ ते ४ च्या रांगोळीत एकूण ठिपके किती, ओळी न मोजता सांगा. सहा अधिक बारा अधिक अठरा म्हणजे सहाची एक पट, दोन पट आणि तीन पट, सगळे मिळून सहा पट. सहा सक छत्तीस आणि मधला एक, सदतीस. मग ओळींनी मोजून ताळा करा: चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. सदतीसच.

सरळ ठिपक्यांची रांगोळी, म्हणजे पाच ओळी पाच ठिपके किंवा सात ओळी सात ठिपके, वर्गसंख्यांसाठी चांगली. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही, पणत्यांच्या ओळींचंच ते सोवळं रूप आहे.

आता आकाशकंदील. घरोघर बांबूच्या काड्यांचा षटकोनी कंदील करतात, त्याला खाली झिरमिळ्या लावतात. चित्र काढण्याऐवजी खराच कंदील करत असाल तर झिरमिळ्या किती कापायच्या हा प्रश्न मुलीवर सोपवा: सहा बाजू, प्रत्येक बाजूला चार पट्ट्या. तिने वीस कापल्या तर एक बाजू बोडकी राहील. तुम्ही सांगायची गरज नाही, कंदील सांगेल.

चांदणीच्या कंदिलाची गंमत मात्र अगदी वेगळी आहे. वसईत आणि गोव्यात नाताळला दारोदार चांदण्या लागतात, आता दिवाळीतही सर्रास दिसतात. कागदावर ताटली उपडी ठेवून वर्तुळ काढा आणि त्यावर सारख्या अंतरावर दहा खुणा करा (हे काम तुमचं, कोनमापकाने दर ३६ अंशाला एक). खुणांना ० ते ९ आकडे द्या. आता चाराचा पाढा म्हणायचा, पण फक्त एकक स्थानचा अंक घ्यायचा: शून्यापासून निघून ४, मग ८, मग बाराचा २, सोळाचा ६, विसाचा ०. पट्टीने रेघा जोडत जायचं. पाच टोकांची चांदणी तयार. पुढे चोवीसचा ४ पुन्हा त्याच रेघेवर. मुलांना वाटतं काहीतरी चुकलं, पुन्हा म्हणून बघतात, पुन्हा तीच चांदणी.

मग तीनचा पाढा: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. दहा टोकांची झगमगीत चांदणी. एक अंक जरी चुकला तरी एक रेघ भलतीकडे जाते आणि नजरेत खुपते. माझ्या कसोटीला इतकं चोख उतरणारं दुसरं चित्र मला माहीत नाही. सातच्या पाढ्याची चांदणी तिला काढायला सांगा आणि काय होईल ते आधीच सांगू नका. तीनचीच चांदणी निघते, फक्त उलट्या दिशेने. कारण वर्तुळावर सात घरं पुढे जाणं म्हणजे तीन घरं मागे येणं. तसंच सहाची चांदणी चाराच्या चांदणीसारखीच. पाचाच्या पाढ्याची नुसती एक रेघ येते, तिला मुलं हसतात. दोनाचा आणि आठाचा पंचकोन. या चांदण्या कापून दोऱ्याने खिडकीत टांगल्या की शोभा होते आणि येता-जाता नजरही पडते.

वर्षभराचं विचाराल तर सणांनीच आपल्याला पाढे वाटून दिले आहेत. दसऱ्याचं आपट्याचं पान दोन दळांचं, दहा जणांना सोनं वाटलं की किती दळं. श्रावणी सोमवारचा बेल तीनाचा. स्वस्तिकाच्या चार भुजा. गणपतीच्या जास्वंदीच्या पाच पाकळ्या. रथसप्तमीला सूर्याच्या रथाचे सात घोडे, आणि घोड्यांचे पाय मोजायला लावले तर सात चोक अठ्ठावीस. एका पोराने एकदा सत्तावीस पाय काढले होते, म्हणाला एक घोडा लंगडी घालतोय. अष्टदल कमळ आठाचं, नवरात्राच्या माळा नऊ, रावणाची तोंडं दहा. दसऱ्याला आम्ही पाटीवर १ चे आकडे एकमेकांना जोडून सरस्वती काढतो, तेव्हा मुलांना मी विचारते, तुझ्या सरस्वतीत किती एक लागले? वर्गातल्या सगळ्यांच्या पाट्यांवर मिळून किती? त्या दिवशी दप्तराला सुट्टी असते, पण या प्रश्नाला कोणी हरकत घेत नाही.

मराठीत पाढे शिकणाऱ्या मुलांची एक अडचण आहे, तिला चित्र पुरत नाही. आकड्यांची नावं. सात साती एकोणपन्नास. हे एकोणपन्नास म्हणजे ४९ की ५९, हा गोंधळ मी चौथीतही बघते. त्रेसष्ट आणि छत्तीस, ६३ आणि ३६, हेही तसंच. मुलीचं उत्तर चुकलं की गुणाकार चुकला की नाव चुकलं हे आधी तपासा. तिला आकड्यात लिहायला सांगा, लगेच कळतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांना मुलांची हीच अडचण दिसत होती. मला स्वतःला बावीस हवंच आहे, छप्पन्नही हवं आहे. पण शिकताना "पन्नास नि सहा, छप्पन्न" असं एकदा म्हटल्याने भाषा बुडत नाही. पणत्यांच्या चित्राखाली मुलीला आकडा आणि अक्षर दोन्ही लिहायला लावा.

वेळेचं म्हणाल तर एका बैठकीला वीस मिनिटं, आठवड्यात तीनदा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अजिबात नको. पहिल्या वर्षी मी दिवाळीची शुभेच्छापत्रं करवून घेतली होती, त्यावर गुणाकार लिहायचे होते. दोन तास चमकी आणि डिंक यांत गेले, गुणाकार घाईघाईने शेवटच्या पाच मिनिटांत, माझ्याच सांगण्यावरून. मुलं खूश, पालक खूश, पाढे होते तिथेच. म्हणून सजावट नेहमी शेवटी ठेवा. गणित झालं की मग हवी तेवढी चमकी.

आणि चित्र कधी थांबवायचं हेही बघावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ठसे न उठवता नुसतं विचारा: "डोळे मीट, पणत्यांचा कागद आठव, पाच ओळींखाली धागा ठेव. खाली किती?" तिने डोळे मिटून उत्तर दिलं तर त्या जोडीचं चित्र पुन्हा काढायला लावू नका. जमलं नाही तर कागद पुन्हा काढा, त्यात कमीपणा नाही. उलट प्रश्नही विचारत जा. चोवीस पणत्या आहेत, सारख्या ओळींत किती तऱ्हांनी मांडशील? एक ओळ चोवीसची, दोन बाराच्या, तीन आठाच्या, चार सहाच्या. आता एक पणती फुटली, तेवीस राहिल्या, मांड बघू. बराच वेळ खटपट करून माझ्या वर्गातली एक मुलगी चिडून म्हणाली होती, "ही तेवीस वाईट आहे, काहीतरी उरतंच." मूळ संख्या हा शब्द ती पुढे कधीतरी शिकली, पण ओळख त्या दिवशी झाली.

तुमचा शेवटचा प्रश्न, बारापर्यंतचे पाढे. सध्या नको. दहापर्यंतचंच बघू, आणि तेही वाटतं तेवढं नाही. दहा बाय दहाचा चौकटींचा तक्ता काढला तर शंभर घरं होतात. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे तिला येतातच, ते खोडा. राहिले तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ. त्यांतही कागद फिरवला की सात आठी आणि आठ साती एकच, म्हणून प्रत्येक जोडी एकदाच धरा. उरतात फक्त एकवीस.

एका मोठ्या कागदावर मोदकांची रास काढा. सगळ्यांत खाली सहा मोदक: तीन त्रिक, तीन चोक, तीन सक, तीन साती, तीन आठी, तीन नव्वे. त्यावर चाराचे पाच. मग सहाचे चार, साताचे तीन, आठाचे दोन आणि शिखरावर एकटा नऊ नव्वे एक्याऐंशी. प्रत्येक मोदकावर गुणाकार लिहायचा, उत्तर नाही. चालीशिवाय, मधूनच विचारल्यावर, सलग तीन दिवस बरोबर आला की तो मोदक रंगवायचा. तिनाच्या आणि चाराच्या ओळी पहिल्या तीन-चार दिवसांत रंगतील, मग खरे अवघड असे दहाच राहतील. साताच्या ओळीत तीन मोदक आहेत, सात साती, सात आठी, सात नव्वे. तिचा अडलेला मोदक त्यातला मधला.